निकालाआधी कंपनीची मालमत्ता गोठवून घ्यायची असेल तर कोर्टाला नेमकं काय दाखवावं लागतं?

चाकण_हिशेब (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पत्र्याचे प्रेस केलेले सुटे भाग पुरवणारी चाकणची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, घेणारी कंपनी भोसरीची. थकबाकी 1 कोटी 86 लाख, शेवटचं बिल 11 महिन्यांपूर्वीचं. त्यांच्या अकाउंट्स विभागाने ईमेलवर 1 कोटी 74 लाखांचं बॅलन्स कन्फर्मेशन (एवढी बाकी देणं असल्याची लेखी कबुली) दिलेलं आहे. उरलेले 12 लाख त्यांनी रिजेक्शनची (नाकारलेल्या मालाची रक्कम बिलातून वजा करणारी) डेबिट नोट काढून अडवले आहेत, ती आम्हाला मान्य नाही.

दोन महिन्यांत त्यांच्या शेडमधून दोन पॉवर प्रेस बाहेर गेल्या. तिसरीच्या विक्रीची जाहिरात जुन्या मशिनरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते आहे. त्याच दोन संचालकांनी नवी कंपनी काढली आहे आणि मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी आता तिच्या नावावर जातात असं कळतं. एमआयडीसीचा प्लॉट आणि कॅश क्रेडिट खातं (ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचल देणारं कर्जखातं), दोन्ही एकाच बँकेकडे आहेत.

निकाल लागेपर्यंत तिथे काही उरेल असं वाटत नाही. दावा लावतानाच खाती आणि मशिनरी गोठवून मिळते का? कोणत्या कलमाखाली? आणि बँकेचं कर्ज असताना त्याचा उपयोग किती?

शिवाजीनगर_दिवाणी

पैसे थकले एवढ्यावर जप्ती मिळत नाही, हे आधी पक्कं धरा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 38 नियम 5 ला दोन गोष्टी लागतात. दावा सकृतदर्शनी मजबूत हवा. शिवाय उद्या होणाऱ्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी अडवायच्या किंवा लांबवायच्या हेतूने प्रतिवादी मालमत्ता विकतो आहे किंवा कोर्टाच्या हद्दीबाहेर हलवतो आहे, हे दिसायला हवं. नियमात ‘हेतू’ हा शब्द आहे आणि बहुतेक अर्ज तिथेच पडतात.

रामन टेक विरुद्ध सोलंकी ट्रेडर्स हा सुप्रीम कोर्टाचा निकाल समोरचा वकील पहिल्याच तारखेला काढेल. विनातारण येणं तारणाचं करून घेण्यासाठी हा नियम नाही, आणि प्रतिवादीला तडजोडीला वाकवण्यासाठीही नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तुमच्या दृष्टीने अडचणीचं वाक्य पुढे आहे: धंदा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला किंवा मशिनरी दुसऱ्या आवारात हलवली, एवढंच जप्तीला कारण होत नाही. म्हणजे ‘दोन प्रेस बाहेर गेल्या’ हे एकटं वाक्य तुम्हाला तारणार नाही. त्या कुठे गेल्या, कोणाला गेल्या, पैसे आले का, कोणत्या खात्यात आले, हे जितकं दाखवाल तितका अर्ज उभा राहील. पूर्ण किंमत घेऊन विकून पैसे कंपनीच्याच खात्यात आले असतील तर हेतू सिद्ध करणं कठीण. पण त्याच संचालकांच्या नव्या कंपनीला त्या बिनमोबदला किंवा नाममात्र किमतीत गेल्या असतील, तर चित्र पार बदलतं.

प्रतिज्ञापत्रात ‘विश्वसनीयरीत्या समजले’ असं मोघम लिहू नका. कोणाकडून समजलं, कधी, आणि त्याचा कागद कुठला, हे परिच्छेदागणिक हवं. गोळा करायचे कागद असे: एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवरून कंपनीचे सार्वजनिक दस्तऐवज (शंभर रुपये शुल्कात मिळतात), त्यात बोजांची (मालमत्तेवर नोंदलेल्या तारणांची) यादी, शेवटचे दोन ताळेबंद, संचालक बदलल्याचे आणि नोंदणीकृत कार्यालय हलवल्याचे फॉर्म. नव्या कंपनीचे हेच कागद, म्हणजे तेच दोन संचालक असल्याचं अधिकृतपणे दिसेल. जीएसटी पोर्टलवर त्यांच्या नंबरावर रिटर्न कधीपासून भरलेली नाहीत तेही दिसतं. तुमच्या फॉर्म 26एएस मध्ये त्यांनी कलम 194क्यू खाली टीडीएस कापलेला असेल, तर तुमच्याकडून माल घेतल्याची ती त्यांचीच कबुली आहे. बॅलन्स कन्फर्मेशनच्या शेजारी ती लावा.

व्हॉट्सॲपची जाहिरात नुसती छापून लावली तर पुरावा म्हणून टिकणार नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते. तो मेसेज ज्या फोनवर आला तो फोन जपून ठेवा.

अर्जातली मागणी कशी लिहिता यालाही तितकंच महत्त्व आहे. नियम 5 चा पोटनियम 4 सांगतो की पोटनियम 1 (आधी तारण द्यायला किंवा कारण दाखवायला सांगणं) न पाळता केलेली जप्ती निरर्थक ठरते. म्हणून मागणीचा क्रम असा ठेवा: प्रतिवादीने अमुक रकमेचं तारण द्यावं किंवा का देऊ नये याचं कारण दाखवावं. तोवर पोटनियम 3 खाली परिशिष्टातल्या मालमत्तेची सशर्त जप्ती व्हावी. कारण न दाखवल्यास किंवा तारण न दिल्यास नियम 6 खाली जप्ती कायम व्हावी. घाईत थेट जप्तीच मागितली आणि कोर्टाने तशी दिली, तर तो हुकूम अपिलात पहिल्याच मुद्द्यावर जातो.

आणखी एक. रक्कम 3 लाखांच्या वर असल्याने आणि व्यवहार मालपुरवठ्याचा असल्याने हे व्यापारी न्यायालयात जाईल. तिथे व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे (पाटील ऑटोमेशन, 2022). तातडीचा अंतरिम हुकूम मागत असाल तरच ती टळते. पण 2023 च्या यामिनी मनोहर निकालानंतर, तातडीची मागणी केवळ मध्यस्थी टाळण्यासाठी घुसडली आहे का, हेही कोर्ट तपासतं.

यातलं काहीही करण्याआधी पर्चेस ऑर्डरची मागची बाजू वाचा. तिथे लवादाचं कलम आहे का?

चाकण_हिशेब

आहे. बारीक अक्षरात. एकच लवाद, जागा पुणे. आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

लवाद_डेक्कन

मग दावा लावूच नका. लावलात तर ते लवाद कायद्याच्या कलम 8 चा अर्ज देतील, तुम्हाला लवादाकडे पाठवलं जाईल, आणि मधले महिने त्यांच्या पदरात पडतील. पुण्याच्या व्यापारी न्यायालयात लवाद कायद्याच्या कलम 9 खाली अर्ज करा. हा दावा नसल्याने 12अ ची मध्यस्थी इथे आड येत नाही.

(दिवाळखोरी संहितेतही कलम 9 आहे, पुरवठादाराच्या अर्जाचं. वकिलांशी फोनवर बोलताना कायद्याचं नाव घ्याच, यात गोंधळ होतो.)

कलम 9 मध्ये ‘वादातली रक्कम सुरक्षित करणं’ असा थेट शब्द आहे. मात्र त्यासाठी आदेश 38 ची कसोटी किती कडक लावायची, यावर सप्टेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल सोळा दिवसांच्या अंतराने आले. 14 तारखेच्या एस्सार हाउसमध्ये म्हटलं की कलम 9 चं कोर्ट संहितेच्या प्रत्येक तांत्रिक अटीने बांधलेलं नाही, मालमत्ता घटण्याची दाट शक्यता दिसली तरी पुरे. 30 तारखेच्या सांघी इंडस्ट्रीज विरुद्ध रवीन केबल्समध्ये म्हटलं की आदेश 38 नियम 5 च्या अटी पुऱ्या झाल्याशिवाय असा हुकूम देता येणार नाही. तुम्ही पहिला वाचाल, ते दुसरा. म्हणून माझा आग्रह आहे की अर्ज सांघीच्या कसोटीला उतरेल असाच लिहा. मग कोर्टाने कोणताही मार्ग धरला तरी तुम्ही पडत नाही.

मागण्या या क्रमाने: सगळ्या मालमत्तेचं, बोज्यांचं आणि गेल्या वर्षभरातल्या हस्तांतरणांचं प्रतिज्ञापत्र, वादातल्या रकमेची बँक गॅरंटी किंवा कोर्टात भरणा, ते न केल्यास परिशिष्टातल्या मालमत्तेची जप्ती, आणि मधल्या काळात धंद्याच्या नेहमीच्या व्यवहाराखेरीज काहीही विकायला, हलवायला, गहाण टाकायला मनाई. प्रतिज्ञापत्राची मागणी लोक शेवटी कुठेतरी लिहितात, ती पहिली हवी. प्रेस कोणाला विकल्या हे तुम्हाला बाहेरून कळत नाही, त्यांना शपथेवर सांगावं लागलं की कळतं. खोटं लिहिलं तर पुढच्या प्रत्येक तारखेला ते त्यांच्याच विरोधात जातं.

रक्कम 1 कोटी 74 लाखच मागा. डेबिट नोटचे 12 लाख लवादासमोर जरूर मागा, पण तारणाच्या अर्जात ते आणलेत तर पूर्ण सुनावणी रिजेक्शनच्या मालावर घसरते आणि कबूल असलेली रक्कमही वादग्रस्त दिसायला लागते.

नवी कंपनी तुमच्या करारात नाही. तिच्याविरुद्ध थेट मागणी करण्याआधी मूळ कंपनीची मालमत्ता तिच्याकडे गेल्याचं दाखवा. निव्वळ संचालक सारखे असल्याने दोन कंपन्या एक होत नाहीत.

90 दिवसांची मुदत भिंतीवर लिहून ठेवा. कलम 9 चा हुकूम झाल्यापासून तेवढ्या दिवसांत लवादाची प्रक्रिया सुरू व्हायला हवी, आणि ती सुरू होते कलम 21 ची नोटीस समोरच्याला मिळते त्या दिवशी. पाठवल्याच्या दिवशी नव्हे. हुकूम मिळाल्यावर लोक निवांत होतात आणि इथे घसरतात. लवाद नेमला गेला की पुढचे अंतरिम अर्ज कलम 17 खाली त्याच्याकडेच. त्याचा हुकूम कोर्टाच्या हुकुमासारखाच अमलात आणता येतो.

वसुली_कक्ष

बँकेच्या बाजूने सांगतो, कारण बहुतेक हुकूम इथे येऊन कोरडे पडतात.

कॅश क्रेडिट खातं गोठवायचं म्हणजे काय ते नीट बघा. समजा मर्यादा 3 कोटी आहे आणि कंपनीने 2 कोटी 70 लाख उचलले आहेत. खात्यात दिसणारी 30 लाखांची शिल्लक ही कंपनीचे पैसे नव्हेत, बँकेने अजून न दिलेलं कर्ज आहे. जप्ती होते ती बँक कंपनीला जे देणं लागते त्याची, आणि इथे देणं उलट्या दिशेने आहे. शाखा तुमच्या हुकुमाला उत्तर देईल: ‘खात्यात नावे बाकी, जप्त करण्याजोगी रक्कम नाही’. ते खरंच असतं, टाळाटाळ नव्हे.

मशिनरी, कच्चा माल आणि गिऱ्हाइकांकडून येणं, तिन्ही साधारणपणे त्याच कॅश क्रेडिटला नजरगहाण (ताबा कंपनीकडे, तारण बँकेचं) असतात. प्रेसच्या बाजूला बँकेची पत्र्याची पाटी असते, ती बघा. बोजा एमसीएकडे आणि सेर्साईकडे (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत) नोंदलेला असेल तर तुमची जप्ती त्याच्या मागे उभी राहते. आदेश 38 चा नियम 10 च सांगतो की जप्तीआधीपासून असलेल्या तिऱ्हाइताच्या हक्काला निकालपूर्व जप्तीने धक्का लागत नाही.

म्हणून परिशिष्टात बिनबोजाचं शोधा: कर्ज फिटलेली वाहनं, लिएन (बँकेचा अडकवून ठेवण्याचा हक्क) नसलेल्या मुदत ठेवी, दुसऱ्या बँकेतलं चालू खातं, महावितरणकडची सुरक्षा ठेव, आयकराचा परतावा, समूहातल्या दुसऱ्या कंपनीचे शेअर, मोठ्या गिऱ्हाइकाने राखून ठेवलेली रक्कम. बोजा फिटल्याचा फॉर्म सीएचजी-4 एमसीएवर दिसला तर ते मशीन मोकळं झालेलं असू शकतं, यादीत टाका.

दुसऱ्या बँकेतलं खातं कसं शोधायचं? तुमच्याच बँकेच्या स्टेटमेंटमध्ये. त्यांनी तीन-चार वर्षांत केलेल्या प्रत्येक आरटीजीएस आणि एनईएफटीच्या यूटीआर क्रमांकात पाठवणाऱ्या बँकेची ओळख असते, जुन्या चेकच्या झेरॉक्सवर खाते क्रमांकच असतो. हुकुमात बँक, शाखा, आयएफएससी, खाते क्रमांक आणि ‘रुपये अमुकपर्यंत’ हे सगळं लिहून घ्या. ‘प्रतिवादीची सर्व खाती’ एवढंच लिहिलेला कागद शाखेतून विधी विभागाकडे जातो आणि परत येईपर्यंत खातं रिकामं झालेलं असतं.

प्रतिवादी_पक्ष

दुसरी बाजूही मांडतो, कारण ती माहीत नसेल तर तुमचा अर्ज अर्धवट राहील.

त्यांना तुमच्या नोटिशीवरून वास आला असेल तर ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148अ ची कॅव्हेट (आम्हाला कळवल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज) टाकून बसले असतील. ती 90 दिवस चालते आणि तोवर त्यांना कळवल्याशिवाय हुकूम होत नाही. अर्ज दाखल करण्याच्या दिवशी ती तपासून घ्या. हुकूम झालाच तर ते आधी पोटनियम 4 चा मुद्दा घेतील. मग म्हणतील की तुम्ही डेबिट नोट लपवली. तूर्तातूर्त मनाई मिळवताना महत्त्वाच्या बाबीवर जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं लिहिलं असेल तर आदेश 39 नियम 4 खाली ती मनाई जाते. म्हणून डेबिट नोट, रिजेक्शनचे ईमेल, सगळं तुमच्याच अर्जात जोडा. आपल्या विरुद्धचा कागद आपणच आधी ठेवला की त्याची धार जाते.

नंतर पगार. कामगारांचा पगार आणि पीएफ अडकला असं ते सांगतील आणि कोर्ट ते गांभीर्याने घेतं, घ्यायलाच हवं. पगार, पीएफ, जीएसटी आणि वीजबिल यांची सूट तुमच्याच मसुद्यात घाला. त्याने हुकूम टिकतो आणि ज्यांचा या भांडणाशी संबंध नाही त्या माणसांची चूल बंद होत नाही.

ते बँक गॅरंटी द्यायला तयार झाले तर हटून बसू नका. तारण आलं की आदेश 38 च्या नियम 9 खाली जप्ती उठते, आणि तुमच्या हातात जुन्या प्रेसऐवजी बँकेची हमी येते. तिची मुदत मात्र बघा. लवादाचा निवाडा आणि त्यानंतर तो रद्द करण्यासाठी लवाद कायद्याच्या कलम 34 चा अर्ज, एवढा काळ धरून ती आपोआप वाढण्याची अट घाला. तशी ती वाढत नसेल तर मुदत संपण्याच्या 30 दिवस आधी वसूल करण्याची मुभा मागा.

कलम 9 च्या हुकुमावर कलम 37 खाली अपील आहे, 60 दिवसांत. तुमचा अर्ज फेटाळला तर हाच मार्ग तुम्हालाही आहे.

चाकण_हिशेब

फार उपयोग होतो आहे. दोन शंका. एमआयडीसीच्या प्लॉटवर बँकेचा बोजा आहेच, तरी तो परिशिष्टात घ्यावा का? आणि ते दिवाळखोरीत गेले तर हे सगळं पाण्यात जातं का?

शिवाजीनगर_दिवाणी

प्लॉट घ्या. कंपनीकडे तो 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने असतो आणि हस्तांतराला एमआयडीसीची परवानगी लागते. बँकेचं कर्ज 2 कोटी आणि प्लॉट-शेडची किंमत त्याहून जास्त असेल, तर वरची जी शिल्लक उरेल तिच्यावर जप्ती बसते. जप्तीच्या हुकुमाची प्रत एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयात आणि दुय्यम निबंधकाकडे पोचवून पोच घ्या. परवानगीच अडली की प्लॉट गुपचूप विकता येत नाही. जप्तीनंतर केलेलं खासगी हस्तांतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 64 प्रमाणे तुमच्या हक्कापुरतं निरर्थक असतं. मात्र जप्तीआधी नोंदवलेल्या करारानुसार झालेलं हस्तांतर त्यातून वगळलं आहे, म्हणून आयजीआरच्या (नोंदणी विभागाच्या) ई-सर्चवर इंडेक्स-2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) आधी काढून बघा. काही जण अशा वेळी लिस पेंडन्सची (या जागेवर वाद चालू आहे अशी) नोटीस नोंदवतात. पैशाच्या वादात ती लागू होत नाही, कारण त्या जागेच्या हक्काचा वादच नसतो.

प्रेसबद्दल. बेलिफ पंचनाम्याला जाईल तेव्हा त्याच्या हातातल्या कागदावर ‘पॉवर प्रेस 1 नग’ असेल तर शेडमधल्या पाच प्रेसपैकी कोणती ते त्याने कसं ठरवायचं? मशीनच्या अंगावर रिव्हेट मारलेली पाटी असते, तिच्यावरचा बनवणाऱ्याचा शिक्का, टनेज, अनुक्रमांक आणि वर्ष परिशिष्टात हवं. तुमचा माणूस डाय ट्रायलला तिथे जात असेल तर त्याच्या जुन्या फोटोंत ती पाटी सापडेल. बेलिफ भत्ता आणि प्रोसेस फी त्याच दिवशी भरा, हमदस्तची (हुकूम स्वतः हाती नेऊन पोचवण्याची) परवानगी मागा आणि तुमचा माणूस ओळख पटवायला सोबत द्या. एवढी जड प्रेस उचलून नेता येत नाही, ती जागेवरच सुपुर्दनाम्यावर (सांभाळण्याची लेखी जबाबदारी घेऊन) ठेवली जाते. सुपुर्दनामा कोणाच्या नावावर करायचा हेही हुकुमात येऊ द्या.

वसुली_कक्ष

दिवाळखोरीचं: अर्ज दाखल होऊन एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने) तो स्वीकारला की दिवाळखोरी संहितेच्या कलम 14 ची स्थगिती लागते, तुमची लवादाची कारवाई आणि जप्ती तिथेच थांबते. निकालपूर्व जप्तीने तुम्ही तारणधारक होत नाही. फॉर्म बी भरून इतर पुरवठादारांच्या रांगेत उभं राहावं लागतं. बँक गॅरंटी मिळालेली असेल तर स्थिती वेगळी, कारण ते पैसे बँक स्वतः देते. म्हणून जप्ती हाती असताना गॅरंटीचा प्रस्ताव आला तर तो घ्या असं मीही म्हणेन.

एक कोटीच्या वर रक्कम असल्याने तुम्ही स्वतःही त्या मार्गाने जाऊ शकता. पण डेबिट नोट मागणी नोटिशीच्या आधीची असेल तर ‘आधीपासूनचा वाद’ म्हणून अर्ज अडू शकतो.

लवाद_डेक्कन

तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु गटात आणि पुरवठ्याआधीची असेल, तर एमएसएमई कायद्याच्या कलम 16 चं व्याज धरा: रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. तारणाच्या अर्जात मूळ रक्कम आणि हे व्याज दोन वेगळ्या ओळींत दाखवा, गणिताचा तक्ता बिलागणिक जोडा. जाहिरातीतली तिसरी प्रेस अजून शेडमध्ये आहे ना? मग या आठवड्यातच अर्ज दाखल करा. ती बाहेर पडली की परिशिष्टातली एक ओळ कमी होते.

चाकण_हिशेब

आज सकाळपर्यंत होती. पाटीचा फोटो सापडला, 160 टन, अनुक्रमांक वाचता येतो. यूटीआर शोधल्यावर दुसऱ्या एका बँकेचं चालू खातंही मिळालं, सात महिन्यांपूर्वी तिथून आठ लाख आले होते. फोटो आणि खात्याचा तपशील वकिलांकडे दिला आहे. कॅव्हेट उद्या तपासतो.